खिडक्या कोण उघडतं?

२ ऑक्टोबर, सकाळी ७.४०
पोहोचलो. मेनोर्का बेट नकाशावर जेवढं लहान दिसतं तेवढंच आहे. गाव सांत बर्तोमेऊ. एक चर्च, एक बार, एक बेकरी, आणि रस्त्याच्या मधोमध झोपलेलं कुत्रं. गाड्या त्याला वळसा घालून जातात. तिकडे आमच्या तेरुएल शहरात हे चाललं नसतं.

नेमणूक: परवाना न काढता पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांचा निरीक्षक. हे कुणालाही कळू द्यायचं नाही. बारमालक दामियाला सांगितलं की मी हवामानाचा अभ्यासक आहे. त्याला लगेच पटलं. भोळी जमात.

बारच्या वरच खोली घेतली आहे. फक्त शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी घर ताब्यात. अपेक्षा माफक: तीन खोल्या, समोर समुद्र, शेजार नको.

३ ऑक्टोबर
बेकरीत गेलो. मालकीण कोलोमाबाई. सत्तरी ओलांडलेली, पायात सपाता, भुवयांवर पीठ. पाव मागितला, तर पाव राहिला बाजूला. म्हणे, तुम्ही कुणाचे?

म्हटलं, मी कुणाचाही नाही. मी हवामानाचा आहे.

मग म्हणे, बायको कधी येणार? ब्लँकेटं किती आहेत तुमच्याकडे? आणि सकाळी उठून खिडक्या कोण उघडतं, तुम्ही की ती? मी शांतपणे सांगितलं, बाई, चांगल्या घरात खिडक्या बंद असतात. धूळ येते. ती म्हणाली, अस्सं. एवढंच. मग पाव दिला. दगडासारखा. इथे पाव असाच खात असावेत.

भोचकपणा हा या बेटावरचा मुख्य धंदा दिसतो. घराचं तिला काहीच विचारलं नाही. सपाता घालणाऱ्या बाईला घरांबद्दल काय माहीत असणार?

६ ऑक्टोबर, शुक्रवार
घर नाही. पण शुक्रवार हा तसा अंदाजच होता.

१० ऑक्टोबर
किनाऱ्यावरच्या वसाहतीत फिरलो. बंद घरं मोजली: दोनशे चौदा. सगळ्या झडपा खाली, अंगणातल्या खुर्च्या उलट्या. दोनशे चौदा घरं रिकामी आणि भाड्याने एकही नाही! मालक उन्हाळ्यात जर्मनांना देतात आणि हिवाळ्यात भिंतींना बुरशी लागायला ठेवतात.

एजन्सीतली मुलगी म्हणाली, एक मिळेल, पण ऑक्टोबर ते मे. जूनच्या एक तारखेला सामानासकट बाहेर. मी म्हटलं, बिएल्सा घराण्यातला माणूस जूनमध्ये बाहेर पडत नाही. ती म्हणाली, मग ऑक्टोबरमध्ये आतही शिरत नाही, काका. काका! मी एकावन्नचा आहे.

ते घर शाळेतल्या नव्या मास्तर-मास्तरणीने घेतलं. खाली कोंबड्या आहेत म्हणे. शिक्षकांना स्वाभिमान नसतो, हे मी पूर्वीपासून म्हणत आलो आहे.

परतताना वरच्या गल्लीत घर क्रमांक १७. दाराला बाहेरून किल्ली लटकलेली, आत कुणी नाही. मालकाचा गलथानपणा. गुप्त वहीत नोंद केली.

१६ ऑक्टोबर
मी आत शिरलो की बारमध्ये शांतता पसरते. पत्ते खेळणारे पत्ते पालथे घालतात. व्यक्तिमत्त्व लपवून लपत नाही. आज दामियाने मोठ्याने विचारलं, काय हो हवामानसाहेब, उद्या वारा आहे का? म्हटलं, नाही. सगळे हसले. खेळीमेळीचं वातावरण.

१७ ऑक्टोबर
वारा. बारची पाटी उडाली.

२१ ऑक्टोबर
ओरोसियाचा फोन. रोज तेच: घर मिळालं का? सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्यावर एकदाही डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. म्हणून आज सांगून टाकलं, मिळालं. तिने विचारलं, खिडक्या किती? म्हटलं, नऊ. नऊच का, ते माहीत नाही. अधिकारवाणीने बोललं की आकडा आपोआप येतो.

२३ ऑक्टोबर
ओरोसियाने तेरुएलचं घर सोडायची नोटीस दिली. शिवणाचं दुकान भाचीच्या नावावर केलं. ट्रक ठरवला. १९ डिसेंबरला बार्सिलोनाच्या बोटीने सगळ्या सामानासकट येते म्हणाली. घाई करायची तिची सवय जुनीच. तरी जवळजवळ दोन महिने आहेत. दोन महिन्यांत माणूस घर बांधतो.

३१ ऑक्टोबर
दामिया म्हणतो, उद्यापासून वरचं लॉज बंद, थेट एप्रिलला उघडणार. म्हटलं, आणि मी? तो म्हणाला, तुम्ही हवामानवाले, तुम्हाला कळायला हवं होतं, साहेब. वाऱ्यात इथं कोण येतंय?

पण मग डोकं खाजवून म्हणाला, किनाऱ्यावरच्या बंगल्यांची राखण माझ्याकडे आहे, पोहण्याच्या तलावाजवळ एक खोली आहे, चालेल का? चालेल का म्हणजे! समुद्रापासून दोनशे पावलं, खासगी तलाव, शेजारी एकही माणूस नाही. माझ्या तीन अपेक्षांपैकी दोन पूर्ण. चिकाटीचं फळ.

१ नोव्हेंबर
खोली प्रशस्त नाही. उन्हाळ्यातल्या आरामखुर्च्या तिथे ठेवतात, बावन्न. शिवाय रबराचा फुगवलेला फ्लेमिंगो, माझ्याहून उंच. त्याची हवा काढायची पिन गंजली आहे. खिडकी नाही. धुळीचा प्रश्न मिटला. तलाव कोरडा आहे.

कायद्याच्या भाषेत ही राहण्याची जागा नाही. पण मी राहतो कुठे? मी मुक्काम करतो. फरक आहे.

१२ नोव्हेंबर
उत्तरेचा वारा सुटला, सलग तिसरा दिवस. इथले लोक वाऱ्याबद्दल घरातल्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलतात: आज शांत आहे, उद्या बघा. दरवाजाच्या फटीतून वाळू येते. सकाळी उठलो तर फ्लेमिंगो माझ्या पांघरुणात. पांघरूण एकच आहे.

अंगातले कपडे दमट. बुटांवर हिरवं काहीतरी उगवलं आहे. ते शास्त्रीय कुतूहलाने बघतो.

१९ नोव्हेंबर
कोलोमाबाईने पाव देता देता म्हटलं, पुढच्या रविवारी आमच्याकडे डुक्कर कापतोय, या. सगळं गाव असतं. चार बायका सॉसेज भरतात, पुरुष खातात आणि गप्पा मारतात, कुणाकडे काय रिकामं आहे, कुणाला काय हवंय, सगळं तिथंच कळतं. मी हात जोडून सांगितलं, बाई, मी रक्त बघायला आलो नाही, घर बघायला आलोय. रविवारी मला कामं आहेत.

ती म्हणाली, अस्सं. पाव कडकच.

२६ नोव्हेंबर, रविवार
कामं नव्हती. गावात शिटी वाजवत फिरलो. सगळे कोलोमाबाईच्या अंगणात. मास्तर-मास्तरणीसुद्धा, कोपरापर्यंत मसाल्यात. मास्तर म्हणाला, कोंबड्यांच्या मालकाने जूनची अट काढून टाकली, राहा म्हणाला कायमचे. डुकराच्या आतड्यात हात घालून घर मिळवणारी माणसं! मी रस्त्याच्या पलीकडूनच हात हलवला. वास मात्र चांगला होता. संत्रं आणि पेरू खाऊन झोपलो.

२ डिसेंबर
ऑफिसात निनावी तक्रार. किनाऱ्यावरच्या तलावाच्या खोलीत कुणीतरी बेकायदा राहतो, तिथे ना खिडकी ना शौचालय, माणूस आजारी पडेल, त्याला बाहेर काढा. गोल गोल अक्षर. कागदाला पांढरी भुकटी. खडूची असणार. म्हणजे मास्तर!

ऑफिसातली कारकून अगेदा हिने फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, नियमाने आठवड्यात पाहणी करावी लागते, साहेब. म्हटलं, नियम मला शिकवू नकोस. ती म्हणाली, नाही, नाही, तुम्हालाच तर माहीत.

५ डिसेंबर, दुपारी १२.३०
घटनास्थळी गेलो. दार तीन वेळा ठोठावलं. राहणारा इसम घरी नव्हता. तसा शेरा मारला.

७ डिसेंबर, दुपारी १२.३०
दुसरी भेट. इसम पुन्हा गैरहजर. दामिया कुंपणाआड उभा राहून बघत होता. म्हणाला, साहेब, रात्री आलात तर सापडेल. त्याच्या बोलण्यात कधी कधी एक प्रकारचा खोचकपणा जाणवतो. शिक्षणाचा अभाव.

९ डिसेंबर
तिसरी भेट. नियमाप्रमाणे नोटीस बजावली: दहा दिवसांत जागा रिकामी करावी. नोटीस मिळाल्याची सही घेतली. कर्तव्यात नातंगोतं बघायचं नसतं. बाकी कचेऱ्यांत असा माणूस शोधून सापडणार नाही.

दहा दिवस म्हणजे १९ डिसेंबर. हा योगायोग आहे.

१४ डिसेंबर
पाच दिवस राहिले. सर्व उपाय योजले. एजन्सीत तीन फेऱ्या. मुलगी म्हणते, काका, डिसेंबरात घर जाहिरातीत नसतं, लोकांच्या तोंडी असतं. पाद्रीबाबांना भेटलो. ते म्हणाले, कोलोमाला विचारलंत का? म्हटलं, घर हवंय, पाव नाही. त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली. धर्मगुरू व्यवहारी नसतात.

ओरोसियाचा निरोप: पडद्यांसाठी नऊ खिडक्यांची मापं पाठव. मापं पाठवली. नऊही एकसारखी ठेवली, तिला सोपं जावं म्हणून.

१८ डिसेंबर
उद्याचं भाषण तयार केलं. मुद्दे: (१) बेटावरची नैतिक अधोगती. (२) मास्तर. (३) घर म्हणजे शेवटी काय? माणसं. तिसऱ्या मुद्द्यावर ओरोसियाच्या डोळ्यांत पाणी येईल असा अंदाज आहे.

१९ डिसेंबर, सकाळी ९.१५
बोट आली. ओरोसिया उतरली, अंगात आईचा जुना कोट, मागे ट्रक. ट्रकमध्ये आमचं सगळं आयुष्य, शिवणयंत्र आणि खणांचं कपाट. तिने विचारलं, किल्ली? मी पहिल्या मुद्द्याने सुरुवात केली. ती म्हणाली, एव्हारिस्तो, किल्ली. दुसऱ्या मुद्द्यावर ती माझ्या बुटांवरचं हिरवं बघत होती. तिसऱ्यापर्यंत पोहोचलोच नाही.

म्हणाली, खिडक्या किती? खरं सांग.

म्हटलं, एकही नाही. फ्लेमिंगो आहे.

ती रडली नाही, ओरडली नाही. ते बरं झालं असतं. ट्रकवाल्याला म्हणाली, दादा, संध्याकाळपर्यंत थांबता का? मला म्हणाली, पाचला हीच बोट परत जाते. तोपर्यंत छप्पर मिळालं तर मी राहीन. नाहीतर शिवणयंत्र, कपाट आणि मी परत भाचीकडे. तू तुझ्या पक्ष्याजवळ राहा. आणि सव्वीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच म्हणतेय, म्हणजे मी मनापासून म्हणतेय.

मग म्हणाली, भूक लागलीय. पाव आणते. मी म्हटलं, इथला पाव खाण्यासारखा नसतो. ऐकलं नाही.

मी ट्रकजवळ थांबलो. सामानावर लक्ष कुणीतरी ठेवायला हवं.

१९ डिसेंबर, दुपारी १२.०५
दोन-अडीच तासांनी परत आली. काखेत पाव, आणि पाव वाकत होता. मऊ! बहुतेक शहरातून मागवला असणार.

घर मिळालं.

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे नंतर तिला बदलता येणार नाही. कोलोमाबाईने विचारलं, तू कुणाची गं? ओरोसिया म्हणाली, तोमासा शिंपिणीची धाकटी, तेलाच्या घाण्यासमोरचं घर, ज्यांचा एक काका क्यूबाला गेला आणि पोपट घेऊन परत आला ते. ब्लँकेटं किती? अकरा, त्यातली चार आईच्या हातची. आणि सकाळी खिडक्या कोण उघडतं? ओरोसिया म्हणाली, मीच, सहा वाजता, सगळ्या. बर्फ पडत असला तरी. नवरा ओरडतो, ओरडू देते.

म्हातारी म्हणाली, मग वरच्या गल्लीत सतरा नंबर. किल्ली दारालाच आहे. माझ्या बहिणीचं घर, ती गेल्यापासून बंद आहे, ओल धरतंय. त्याला भाडेकरू नको, उघडणारं माणूस हवं. ऑक्टोबरपासून लटकवून ठेवलीय किल्ली. एकाला विचारून बघितलं होतं, पण तो म्हणाला, धूळ येते.

जूनचं काय, असं ओरोसियाने विचारलं. म्हातारी म्हणाली, जूनमध्ये काय, जूनमध्येही खिडक्या असतातच की.

आणखी म्हणाली, तुझा नवरा तोच ना, हवामानवाला? ज्याच्या वहीत आमच्या सगळ्यांच्या घरांचे नंबर आहेत? गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणे. अगेदा तिची पुतणी. ती निनावी तक्रारही म्हातारीनेच लिहिली होती, माणूस ओलीने मरायला नको म्हणून.

म्हणजे मास्तर नव्हता. तरी त्याच्याबद्दलचं माझं मत कायम आहे.

१९ डिसेंबर, संध्याकाळी ५
घर क्रमांक १७. बोट गेली, आम्ही नाही. वहीतली जुनी नोंद खोडली. खिडक्या मोजल्या: नऊ. मी म्हटलंच होतं. ओरोसियाला दाखवून दिलं. ती पडद्यांची मापं घेत होती. दोनही एकसारखी नाहीत म्हणाली.

२१ डिसेंबर, सकाळी ६.१०
खिडक्या उघड्या. सगळ्या. थंडी. पांघरुणं मात्र पुरेशी.

भाड्याचा कागद आला. म्हणजे पावाच्या पिशवीवर लिहिलेलं: घर ओरोसियाला. खाली बारीक अक्षरात, सोबत: एक शिवणयंत्र, एक कपाट, एक नवरा. म्हटलं, सरकारी माणसाचं नाव हवं. ओरोसिया म्हणाली, कशाला, तुला कुणी शोधत नाहीये.

दामियाने फ्लेमिंगो भेट पाठवला. स्वीकारला नाही. परत गेला नाही.

२३ डिसेंबर
सकाळी बेकरीत गेलो. रांग होती. दामिया, मास्तरीण, अगेदा. माझ्या पुढच्या प्रत्येकाच्या हातात वाफाळता पाव पडत होता. म्हणजे इथे रोज मऊ पाव असतो. अडीच महिने.

माझी पाळी आली. कोलोमाबाईने पिठाच्या भुवया वर केल्या आणि जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखं विचारलं, तुम्ही कुणाचे?

मी पद, खातं, नेमणुकीचा क्रमांक, सगळं आठवून पाहिलं. मग म्हटलं, ओरोसियाचा.

ती म्हणाली, अस्सं. पिशवीत दोन पाव घातले. वरचा गरम होता. म्हणाली, तो तिचा.