खळं रिकामंच ठेवावं म्हणून

मी, मंगल सोपान भोर, वय एकोणपन्नास, धंदा शेती व दूध, राहणार अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. कोणी दबाव आणलेला नाही. "एवढ्यात कशाला?" म्हणून थांबवणारेच जास्त भेटले. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा दाखला मंचरच्या डॉ. यास्मिन इनामदार यांनी तपासून दिला आहे. त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा तो इतका चांगला निघाला की त्यांना मशीनचाच संशय आला. मरायची मला बिलकूल घाई नाही, हेही इथेच नोंदवते, म्हणजे कोणी वाट बघत बसणार नाही.

तरीही आताच का, ते सांगते. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. मी दवाखान्यात सलाईन लावून पडलेली असताना माझे धाकटे दीर रामनाथ यांनी घराशेजारच्या माझ्या खळ्यावर फक्की टाकून दुकानांच्या गाळ्यांची आखणी केली. मी घरी आले तेव्हा खळ्यावर पांढऱ्या रेघा होत्या आणि रोज तिथे चालायला येणाऱ्या गावातल्या बायका त्या रेघांवरून नेहमीसारख्या चालत होत्या.

"भाऊजी, हे काय?"

"काय न्हाई वहिनी, नुस्तं माप घेऊन ठिवलं. रोडटच जागा हाय. उद्या तुमचं काय बरंवाईट झालं तर पळापळ नको."

मला चालत आलेली बघून त्यांना आनंद झाला होता, हे मी खोटं बोलणार नाही. माणूस वाईट नाही. त्यांना रिकामी जागा बघवत नाही, एवढंच. आणि माझी मुलगी सोनल पुण्याहून फोनवर त्यांना म्हणाली होती, "काका, तुम्ही म्हणाल तसं." ती सगळ्यांनाच तसं म्हणते, फोन लवकर ठेवता येतो. पण मी गेल्यावर तिच्या एका सहीने ते खळं जाईल, हे मला त्या रेघांमध्ये स्पष्ट दिसलं. म्हणून हा सगळा खटाटोप.

कलम एक. राहतं घर, त्यातील भांडीकुंडी, कपाटातील दागिने आणि बँकेतील ठेव हे सर्व माझी एकुलती मुलगी सोनल हिला. घर विकायचं असेल तर विकावं, मी वर बसून रागावणार नाही. राहायचं असेल तर मात्र परसातला देशी संडास पाडू नये. घर दुरुस्त केलं तेव्हा सगळ्यांनी मला कमोडचा आग्रह केला होता. "वहिनी, पुढं गुडघं जात्यात," असं भाऊजी म्हणाले. मी म्हणाले, गुडघे जातात ते न वाकवल्याने. तेव्हापासून त्यांचे गुडघे गेले आणि माझे आहेत. या विषयावर कुटुंबात आणखी चर्चा नको.

कलम दोन. माझ्या दोन्ही गाई आणि दगडी जातं माझी जाऊ उज्ज्वला रामनाथ भोर हिला. गाई तिला ओळखतात. जात्याचं म्हणाल तर त्यावर रोज थोडी नाचणी दळावी, दंड बारीक राहतात. माझं माहेर डोंगरातल्या मढचं. तिथे नाचणी हे गरिबाचं खाणं होतं आणि डोंगर चढणं-उतरणं याला व्यायाम असं कोणी म्हणत नसे. त्याला पाणी आणणं म्हणत. आता सोनल तीच नाचणी बिस्किटांच्या रूपात, पाकिटावर पळणाऱ्या बाईचं चित्र बघून विकत घेते आणि बसून खाते.

कलम तीन. व्यायामाची सायकल. ही माझे दिवंगत पती सोपान यांनी घेतली होती. ते मंचरच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या आडतीवर दिवसभर खुर्चीत असत. डॉक्टरांनी साखर सांगितली आणि चालायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी पांढरे बूट घेतले, मग ही सायकल. बूट लग्नकार्यात वापरले. सायकलवर आम्ही कपडे वाळत घालतो. ती सोनलला द्यावी, तिच्या गॅलरीत दोरी बांधायला जागा नाही.

सायकलच्या निमित्ताने एक गोष्ट लिहिते. शेवटच्या वर्षी सोपान चालले. खळ्याच्या भिंतीला हात लावून, माझ्यासोबत, दिवस मावळताना. शेजारचा एकजण भिंतीवरून डोकावून म्हणाला, "काय राव, काय हरवलंय का?" सोपान म्हणाले, "व्हय. जवानी. दिसली तर सांग." आम्ही दोघं इतके हसलो की त्यांना खाली बसावं लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी घोडेगावला जाऊन खळं बक्षीसपत्राने माझ्या नावावर केलं. मी विचारलं, मला कशाला? म्हणाले, "माझ्या वाटचं बी तूच चाल." दिवाळीच्या आधी ते बसल्या जागी गेले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं बसवून ठेवलेलं हृदय उठायला शिकत होतं आणि वेळ कमी पडला, असं मी म्हणते.

कलम चार. माझा दहावा. आपल्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि मेलेल्यापेक्षा ऐकणाऱ्यांची दया येते. ज्यांना माझ्याविषयी बोलायचं असेल त्यांनी उन्हात उभं राहून बोलावं. मांडव फक्त ऐकणाऱ्यांवर घालावा. भाषणं आपोआप आटोपतील. तेराव्याच्या जेवणात बुंदी नको. ज्यांना साखर आहे ते तोंडाने नको म्हणतात आणि हाताने घेतात, हे मी पन्नास तेराव्यांना पाहिलं आहे. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा आणि ताक. रडायचं त्याने जेवणाआधी रडावं, नंतर पचायला जड जातं.

कलम पाच. आता खळं. ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते हेच, म्हणून जरा सविस्तर.

चतुःसीमा: पूर्वेला मंचरकडे जाणारा रस्ता. पश्चिमेला आमची विहीर. उत्तरेला माझं घर. दक्षिणेला रामनाथ भाऊजींचं घर व त्यांची खिडकी, जिच्यातून ते या जागेकडे बघत असतात. पूर्वी इथे बाजरीची मळणी व्हायची, म्हणून ते खळं. आता यंत्र शेतातच मळून देतं आणि जागा मोकळी राहिली आहे.

या जागेचा वापर असा सुरू झाला. सोपान गेल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी सकाळी रस्त्याने चालायला लागले. आमच्याकडे बाई रिकाम्या हाताने रस्त्याला दिसली की जो तो विचारतो, "कुठं निघाल्या?" "चालायला" हे उत्तर कोणालाही पटत नाही. त्यापेक्षा "पळून चालले" म्हटलेलं लवकर पटेल. म्हणून मी हातात खुरपं घ्यायला लागले. खुरपं असलं की बाई कितीही लांब जावो, कोणी विचारत नाही. मग गावातल्या म्हाताऱ्या भागूआत्या विळा घेऊन यायला लागल्या. उज्ज्वला दुधाची रिकामी किटली घेऊन यायची. तिची किटली गावातल्या डेअरीवरून सरळ पुढे जाताना लोकांनी पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भोरांच्या दुधात पाणी सापडलं, डेअरी त्यांचं दूध घेत नाही. रामनाथ भाऊजी तावातावाने डेअरीच्या चेअरमनशी भांडायला गेले. चेअरमनला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण त्यांनीही माघार न घेता व्यवस्थित भांडण केलं. दोघं अजून एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. कारण काय होतं ते भाऊजींना आज इथे वाचून कळेल.

पुढे ओढ्याच्या वळणावर उसातून बिबट्या निघाला. लगेच घरोघरच्या पुरुषांनी चालणं बंद केलं. म्हणजे आमचं. स्वतःचं त्यांनी सुरूच केलं नव्हतं. तेव्हा मी म्हणाले, माझ्या खळ्याला चारी बाजूंनी भिंत आहे, या. पहिल्या दिवशी सगळ्या जणी खुरपी-विळे घेऊनच आल्या. भागूआत्या म्हणाल्या, "मंगल, ही हत्यारं ठिवायची कुठं गं?" मी फाटकाजवळ एक टोपली ठेवली. त्या दिवशी भागूआत्या दोन्ही हात हलवत खळ्याला फेऱ्या मारत होत्या आणि मध्येच थांबून स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "ह्ये असं लोंबकळत सोडायचं व्हय? लई हलकं वाटतंय." लग्नानंतर पहिल्यांदाच मोकळ्या हाताने चालले, असं त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

खळ्यावर कोणी शिकवायला नाही. जिला चालायचं ती चालते, वाकायचं ती वाकते, सासूविषयी बोलायचं ती बोलते. कंबर आणि जीभ दोन्हींचा ताठा तिथे उतरतो. भागूआत्या आता गच्चीवर पापड घालायला स्वतः जिना चढतात. उज्ज्वला चहात साखर टाकायची विसरली आणि आता तिला आठवत नाही की ती का टाकायची. मला रात्री झोप लागते. एका विधवेने मृत्युपत्रात लिहावी इतकी मोठी ही गोष्ट आहे.

कलम सहा. म्हणून: खळ्याची मालकी सोनलकडे जावी, पण पुढील अटीवर. तिथे गाळा, शेड, पत्रा, टपरी, मोबाईलचा टॉवर, कोणाच्याही स्मृतीचा कट्टा (माझ्या स्मृतीचा तर नकोच) बांधू नये. गावातील कोणत्याही स्त्रीला तिथे चालण्यासाठी विनामूल्य व विनाप्रश्न प्रवेश असावा. ही अट मोडल्यास खळं ग्रामपंचायतीकडे स्त्रियांच्या व्यायामासाठी जावं. ग्रामपंचायत आधी फलक लावेल हे मला माहीत आहे. फलकाला वळसा घालून चालता येतं. सोनल, बाळा, "तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य या जागेपुरतं तुझ्याकडून काढून घेते. बाकी सगळीकडे वापर.

कलम सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उज्ज्वला करील. ती दक्षिणेकडच्या खिडकीच्या आतच राहते, त्यामुळे लक्ष ठेवायला सोपं.

कलम आठ. साक्षीदारांविषयी. घोडेगावच्या वकीलबाईंनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये. गावातल्या सगळ्या बायका बाद झाल्या. मंचरचे शफी तांबोळी टेलर तयार झाले. ते म्हणाले, "वहिनी, माझं पाय दिवसभर मशीनवर चालत्यात, मला तुमच्या खळ्याची गरज न्हाई." दुसरे साक्षीदार म्हणून मी मुद्दाम रामनाथ भाऊजींना बोलावलं. त्यांना स्वतःला या कागदातून काहीच मिळत नव्हतं, म्हणजे ते पूर्ण पात्र होते. शिवाय उद्या "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा नको. त्यांनी सही केली तर गाळ्यांचा विषय संपला, नाही केली तर भांडण कुठवर जाणार ते जिवंतपणीच कळेल, असा माझा हिशोब. पुढे जे झालं त्यामुळे कागद बदलावा लागला, म्हणून ते इथेच लिहिते.

आज सकाळी दाखला द्यायला आलेल्या डॉक्टर आणि शफीभाई ओट्यावर बसलेले असताना भाऊजी आले. शेजारच्या घरातून, मोटारसायकलवर. चष्मा लावून त्यांनी सगळा कागद वाचला. डेअरीच्या ठिकाणी कान लाल झाले, पण बोलले नाहीत. कलम सहाशी थांबले.

"‘कोणत्याही स्त्रीला’. आन पुरुष?"

"पुरुषांना रस्ता आहे की, भाऊजी."

"रस्त्यानं चाललो तर जो तो गाडी थांबवून इचारतो, पावणं, गाडी बंद पडली का? सोडू का? बसावंच लागतं मागं."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "तुम्ही कधी चालला रस्त्याने?"

त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नजर दुसरीकडे वळवली, तसं भाऊजीच म्हणाले, "सांगा की त्यास्नी. न्हाईतर मीच सांगतो. वहिनी, मला बी साखर निघालीय. दादाला निघाली व्हती तेवढीच. दिवाळीपासनं हाय. उज्ज्वलीला अजून ठावं न्हाई."

शफीभाईंनी उगाच पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

"दादाला त्या भितीला धरून चालताना मी खिडकीतनं बघायचो," भाऊजी म्हणाले. "वाटायचं, ह्यो काय येडेपणा. आता रोज तुमी समद्या हसत फिरता, ते बी बघतो. मी ह्या कागदावर सही करणार न्हाई."

मी विचारलं, "का?"

"साक्षीदार झालो तर मला आतलं काय मिळायचं न्हाई, आसंच ना? मंग साक्षीला दुसरं कुणीबी बघा. माझं नाव आत घाला."

"आणि गाळे?"

"गाळं बांधल्यावर मी चालू कुठनं?"

तेव्हा कलम सहामध्ये "गावातील कोणत्याही स्त्रीला" या शब्दांपुढे "व रामनाथ भोर यांस, मोटारसायकल घरी ठेवून आल्यास" एवढी भर मी माझ्या हाताने घालते. ही खाडाखोड नाही, सुधारणा आहे. साक्षीला भाऊजींच्या जागी डॉक्टर तयार झाल्या. भाऊजींच्या आजाराचं उज्ज्वलाला त्यांनीच आज जेवणाआधी सांगावं. ती या कागदाची व्यवस्थापक आहे आणि हा कागद तिला संध्याकाळी वाचायला मिळणार आहे.

या मृत्युपत्रावर साक्षीदारांनी माझ्यासमोर व मी त्यांच्यासमोर सही केली. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करीन की नाही हे भाऊजींच्या चालण्यावर अवलंबून राहील.

ठिकाण: अवसरी बुद्रुक
दिनांक: १४ डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार: मंगल सोपान भोर (सही)

साक्षीदार:
१. शफी तांबोळी, टेलर, मंचर (सही)
२. डॉ. यास्मिन इनामदार, मंचर (सही)

कलम सहामधील भर वाचली, मान्य आहे. उद्यापासून येतो.
रामनाथ भोर, लाभार्थी (सही)