फळी देव्हाऱ्यातच राहील

यिशुन, सिंगापूर
बुधवार, १० सप्टेंबर २०२५
भाद्रपद वद्य तृतीया

ती. नंदावन्संना सुरेखाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. ह्यांची साखर आटोक्यात आहे, पण खाली हॉकर सेंटरला गेले की गोड कॉफी सुटत नाही. रुचिरच्या ऑफिसात ऑडिट चालू आहे, घरी येतो तो जेवायलाच. ऋताला स्पेलिंगमध्ये पैकीच्या पैकी, मराठीचं विचारू नका. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावायचा कंटाळा करू नका.

गौरीच्या दिवशी व्हिडिओवर तुम्ही आमचा देव्हारा पाहिलात आणि फोन ठेवलात. मग रुचिरला तुमचा निरोप आला, की ती फळी देव्हाऱ्यातून निघाल्याशिवाय म्हाळसेचा टाक सिंगापूरला येणार नाही. मामंजींच्या मागे टाक तुमच्याकडे राहिला, आम्ही इथले झालो म्हणून. या नवरात्रात तुम्ही स्वतः तो घेऊन येणार होतात. ऋता इथल्या इंग्रजीत विचारते, "आत्याआजी सो अँग्री फॉर व्हॉट लाह?" काय सांगू तिला? फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिलं म्हणजे, फळी सुनेने ठेवलेली नाही. मी ठेवली. ल्यूबा नको म्हणत होती. "आई, कपाटात बरी आहे," म्हणाली. लग्नात तिच्या आजीने तिला ती हातात देऊन निरोप दिला होता, तिकडची तशी रीतच आहे. पण आपल्या घरात काय चालतं, काय नाही, हे पोरीने पहिल्या आठवड्यात ओळखलं. इतकी वर्षं टॉवेलात गुंडाळून कपड्यांखाली ठेवली होती तिने.

पोळपाटाएवढी लाकडी फळी. एका बाजूला त्यांच्या देवाची आई आणि तिचं मूल रंगवलेलं, धुराने काळपटलेलं. दुसऱ्या बाजूला सुरीचे घाव. तुम्हाला व्हिडिओत घाव दिसले नसतील. मी स्वतःच सांगते.

ल्यूबाचं गाव वेरेस्कोवो, एक रशियन खेडं. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जातं. नदी, बर्च झाडं, बटाट्याची शेतं आणि एक देऊळ. तिच्या पाशा आजीच्या लहानपणी देव न मानणाऱ्या सरकारने देऊळ बंद केलं, घंटा खाली ओढली, आत बटाटे भरले. बायका पाणी आणायला जाताना त्या बटाट्यांच्या कोठारालाच मान लववायच्या. मग माणसं घरोघर देव शोधत आली. पाशा आजीच्या आईने फळी उलटी करून टेबलावर टाकली होती. ती माणसं दारात उभी असताना ती तिच्यावर मासे साफ करत होती. मुद्दाम. त्यांनी खवले पाहिले आणि नाक दाबून निघून गेली.

पुढे लढाई आली. गावातले पुरुष गेले ते बहुतेक परतले नाहीत. बायकांनी स्वतःला नांगराला जुंपून शेतं केली. त्यानंतरही वर्षानुवर्षं भीतीपोटी फळी उलटीच राहिली आणि तिच्यावर स्वयंपाक होत राहिला.

मी ल्यूबाला सरळ विचारलं, "मासेच ना? मांस नाही ना कापलं?" ती नाही म्हणाली असती तर मी लगेच विश्वास ठेवला असता. मला तेच हवं होतं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "कापलं, आई. डुकराचंसुद्धा. तिकडे हिवाळ्यात दुसरं काय असतं?"

हो, वन्सं. डुकराचंसुद्धा. आता तुम्हाला सगळं माहीत आहे.

दोन दिवस मी फळीला हात लावला नाही. मग आपली म्हाळसा आठवली. ती मूळची वेर्ण्याची. पोर्तुगीज फिरंगी देवळं पाडू लागले तेव्हा तिला उचलून नदीपलीकडे नेलं, हे मला नवी नवरी असताना तुम्हीच सांगितलंत, आणि सांगताना तुमचेच डोळे भरले होते. ती ज्या होडीतून गेली तिच्यात आदल्या दिवशी मासळीच असणार ना? का आधी सोवळ्यातली होडी शोधत बसले होते?

तिसऱ्या दिवशी मी फळी पुसली आणि देव्हाऱ्यात ठेवली. समई एकच लावते. तेलाचा इथला भाव मला ठाऊक आहे, एका उजेडात सगळ्यांचं भागतं.

आणखी एक. पाशा आजी चैत्रात गेली. बर्फ वितळून तिकडचे रस्ते चिखलात बुडाले होते, ल्यूबा पोचू शकली नाही. इथल्या नोव्हेना भागातल्या दवाखान्यात ड्यूटी करून आली, बूट न काढता दारातच बसून राहिली. गावात आता धूर निघतो अशी चार-पाच घरं उरली आहेत. शाळा बंद, पावाची गाडी कधी येते, कधी येत नाही. आपल्याकडून कुणी तिला चार ओळी लिहिल्या नाहीत. मी तेव्हाच कपाटातली फळी पहिल्यांदा पाहिली. सर्वपित्रीला पाशा आजीच्या नावाचं पान मी वाढणार आहे. शास्त्रात बसत नसेल तर शास्त्राने जरा सरकून घ्यावं.

हे म्हणतात, ताईला दुखवू नकोस. मी म्हटलं, पत्र मी लिहिते, तुम्ही तुमची कॉफी प्या.

टाकासाठी चौरंगावर जागा केली आहे. फळी शेजारी आहे, ती शेजारीच राहील. टाक घेऊन आलात तर घट तुमच्या हातून बसेल, मला आनंदच आहे. नाही आलात तर नारळावर म्हाळसेला बोलावेन, आणि घटातली माती ल्यूबा कालवेल. बी पेरणं तिला कुणी शिकवायला नको. म्हाळसा आपलं घर ओळखते.

विमानतळावर रुचिर येईल. काय ते त्याला कळवा.

ल्यूबाची सासू,
आणि तुमची भावजय,
सुरेखा