देओग्रासियामावशीचा झाडू

बुएनोस आयरेस, ११ ऑगस्ट १९८६

चि. अन्सेल्मो यास अनेक आशीर्वाद.

आईने जीव नकोसा केलाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन २९ तारखेला ठरलंय आणि बाई म्हणते, मला नाही करायचं, या परक्या शहरात बघण्यासारखं आहे काय? मी हात टेकले. तिकडे गावी लुकेला आपल्या गल्लीतली लापाचोची झाडं फुलली असतील. आईच्या बंद घरासमोरच्या झाडाचा फोटो काढ. खाली गुलाबी सडा दिसला पाहिजे. तो बघून तरी हट्ट सोडेल. आठवड्यात फुलं गळून जातात, आणि तुझं 'उद्या' मला पाठ आहे.

वहिनीला आठवण सांग. माया राहू दे.

तुझी ताई,
एलादिया

लुके, २१ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

आळस केला नाही गं. पण समोरच्या देओग्रासियामावशीपुढे कुणाचं चाललंय? उजाडायच्या आत आईचं दार झाडून मोकळी. सोमवारी गेलो तर औषधालाही पाकळी नाही. मंगळवारी आणखी लवकर गेलो, तर हातात गारेगार तेरेरेचा पेला देऊन मला बसवलं आणि स्वतः झाडत सुटली. काल हात जोडले. तर म्हणते, बुएनोस आयरेसला कचऱ्याचा फोटो पाठवतोस, लाज नाही वाटत? वर बुंध्याला चुना फासला. शेवटी कपाळाला हात लावून फोटो काढला, तर ऐन वेळी झाडू घेऊन मधे उभी. फिल्म संपली, फुलंही संपली. आहे तो फोटो बसवाल्याच्या हाती धाडतोय.

शिव्या बेताने दे, लोभ कमी करू नकोस.

तुझा,
अन्सेल्मो

बुएनोस आयरेस, २५ ऑगस्ट

चि. अन्सेल्मो यास आशीर्वाद.

फोटो बघून तुला झोडावंसं वाटलं. सडा नाही, झाड अर्धं, मधे मावशी. आईने तो नाकाशी धरून बराच वेळ पाहिला. फुलांचं नावही काढलं नाही. विचारलं, आपलं दार कोण झाडतं? मी म्हटलं, मावशी, रोज. तशी रडायलाच लागली. आपल्या गल्लीत दारात फुलं साचली की लोक म्हणतात ना, या घरचं माणूस आता परतत नाही. तिला वाटत होतं, सगळ्यांनी तिची वाट बघणं केव्हाच सोडलं असेल.

आता ऑपरेशनला तयार आहे. उलट डॉक्टरचं डोकं खातेय, वाकून झाडता कधी येईल म्हणून. मावशीला तिचा निरोप सांग, पुढच्या वर्षी दार मीच झाडीन. तोवर तिला अडवलंस तर याद राख.

आहे तशीच माया ठेव.

तुझी ताई,
एलादिया