तेलाचा रंग

मस्कत, १२ जानेवारी १९९२

चि. जयदेव यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. आईचे गुडघे, वेणूचा शिवणक्लास, बेलवलीत दिवसाआड येणारे पाणी, सगळे कळले. मागच्या पत्रात मी एकच प्रश्न विचारला होता. गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचा रंग कोणता आहे? तुझ्या चार पानांत त्याचे उत्तर नाही.

पुन्हा लिहितो. ही गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला क्लच नाही, म्हणून तुझ्या डाव्या पायावाचून ती चालते. क्लचचे काम तेल करते. ते फार तापले की जळते, जळले की आतल्या चकत्या झिजतात, आणि एक दिवस इंजिन ओरडत राहते पण गाडी जागची हलत नाही. इथल्या वर्कशॉपमध्ये मी आठवड्याला असे दोन गिअरबॉक्स उघडतो. इथे सुटे भाग मिळतात. कॅम्प दोनच्या बाजारात सगळे मिळते असे तुम्ही म्हणता. हे मिळणार नाही. आणि कारखान्यातल्या ज्या परदेशी साहेबाने देश सोडताना ही गाडी तुला दिली, तो भाग घेऊन परत येणार नाही.

गाडी सपाट जागी उभी कर. चांगली तापलेली असू दे, इंजिन चालू असू दे. तेलाची मोजपट्टी काढून पांढऱ्या कापडावर पूस. लाल असेल तर झोप. चहासारखे असेल तर लगेच कळव. वासही घे. हे तेल रेडिएटरच्या तळाशी असलेल्या नळीतून फिरून थंड होते, म्हणून समोरची जाळी मोकळी ठेव. चिखल, कागद, मेलेले किडे, काही नको.

आईस जयभीम सांग. माया आहेच, तेल बघ.

तुझा
सुदामदादा

---

बेलवली, २ फेब्रुवारी १९९२

ती. दादास,
स. जयभीम.

तेल पाहिले. वेणूने पांढरा रुमाल दिला नाही, म्हणून जुन्या बनियनवर पाहिले. चहासारखे आहे. बिनदुधाच्या. वासही येतो, करपलेल्या डाळीसारखा.

तू गेल्या वर्षी पाठवलेला तेलाचा डबा घेऊन कॅम्प दोनला लछू मिस्त्रीकडे गेलो. डबा उघडून तो म्हणाला, भाई, हे तेल आहे की गुलाबाचे सरबत. बर्फ मागवू का, असेही विचारले. मग जुने काढून नवे भरले. आता वास नाही. चढावर मात्र गाडी अजून क्षणभर विचार करते आणि मग निघते.

तेल का जळाले ते मला ठाऊक नाही. मी रोज बेलवलीहून अंबरनाथला कारखान्यात जातो, स्टोअरमध्ये बसतो, संध्याकाळी परत येतो. रविवारी आईला विहारात नेतो. एवढीच धाव आहे.

तू गाड्यांचा डॉक्टर. आईच्या गुडघ्यांत कोणते तेल घालायचे ते लिही, असे ती विचारते आहे.

तुझा
जयदेव

---

बेलवली, ९ फेब्रुवारी १९९२

ती. दादांना,
वेणूचा स. जयभीम.

यांना न सांगता लिहिते आहे. यांनी तुम्हाला खोटे लिहिलेले नाही, फक्त अर्धे लिहिले.

गेल्या वर्षी बाबासाहेबांची जन्मशताब्दी होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे आपली गाडी होती, कारण आपल्या गल्लीत दुसरी गाडीच नाही. हरिचंद्रमामा जयंती समितीचे अध्यक्ष झाले आहेत, ते तुम्हाला माहीत असेल. आईंचे धाकटे भाऊ म्हणून नव्हे, स्वतःच्या आवाजाच्या जोरावर झाले. त्यांनी प्लायवूडची चौकट करून त्यावर बाबासाहेबांचा मोठा फोटो लावला आणि ती चौकट समोरच्या जाळीवर तारेने घट्ट बांधली. वर झेंडूचे हार. बोट जाईल एवढी फट नव्हती. आत सात माणसे. त्या उन्हात गाडी चार तास पावला-पावलाने चालली. शेवटी खालून धूर आला. मामा म्हणाले, उदबत्तीचा आहे.

हे सगळे यांना तेव्हाच कळले होते. पण बाबासाहेबांचा फोटो काढा, हे वाक्य यांच्या तोंडून निघेना. कोणाच्या निघेल? या वर्षीही चौकट तयार होते आहे, मोठी.

पाय कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेल्यापासून तीन वर्षे शेजारचे मधूभाऊ यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून अंबरनाथला नेत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या यांना झेपत नाहीत. गाडी गेली तर पुन्हा कॅरिअर. मधूभाऊ आजही नाही म्हणणार नाहीत. हे मात्र बसणार नाहीत. नोकरी सोडतील.

मी लिहिले हे यांना कळू देऊ नका. लहान भावजयीवर राग नसावा.

वेणू

---

मस्कत, २४ फेब्रुवारी १९९२

चि. जयदेव यास,
सप्रेम जयभीम.

मला कोणी कळवले ते विचारू नकोस. वेणूने कळवले. तिच्यावर चिडलास तर मी तुझ्यावर चिडेन, आणि मी आधीच चिडलेलो आहे.

मी तुला मेलेल्या किड्यांबद्दल लिहीत होतो आणि तू जाळीवर प्लायवूड बांधून बसला होतास. गाडी हळू चालली म्हणजे तिला आराम मिळतो असे मामांना वाटत असेल. उलट आहे. हळू चालताना समोरून वारा येत नाही आणि आत तेल नुसते घुसळत राहते. त्यात तोंड बांधलेले. चार तास टिकली हेच नवल. आणखी एक मिरवणूक ती सोसणार नाही. हे मी भाऊ म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून लिहितो.

माझ्याबरोबर इथे काम करणारा, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळचा बबन सुट्टीवर निघाला आहे. त्याच्याबरोबर तेल थंड करणारी एक छोटी जाळी पाठवतो. लछूला म्हणावे, ती रेडिएटरच्या पुढे बसवायची आणि तेलाची नळी तिच्यातून फिरवायची. तिच्यापुढे काहीही येता कामा नये. काहीही म्हणजे काहीही.

मिरवणुकीला गाडी देऊ नकोस. द्यायचीच असेल तर एकच मार्ग आहे. इंजिन चालू ठेव, गिअर न्यूट्रलला टाक आणि माणसांना ढकलू दे. तेल फिरत राहील, गाडी ओढण्याचा भार त्याच्यावर येणार नाही. इंजिन बंद करून ढकलत नेऊ नका.

माया कमी झालेली नाही. विश्वास थोडा कमी झाला आहे.

सुदामदादा

---

बेलवली, १८ मार्च १९९२

ती. दादास,
स. जयभीम.

जाळी मिळाली. लछूने बसवली. नळ्या जोडताना तुला चार शिव्या दिल्या आणि काम झाल्यावर म्हणाला, तेरा भाई उस्ताद आहे. चढावर गाडी आता कमी विचार करते. हे सगळे तुझ्यामुळे, मान्य.

पण तू मस्कतला बसून लिहितोस. मी समितीपुढे उभा राहिलो, कुबडी टेकून. म्हणालो, जाळीला वारा लागतो. मामांनी सगळ्यांकडे पाहून विचारले की वारा मोठा की बाबासाहेब. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. मी खाली बसलो.

गाडी देणार नाही असे मी म्हणू शकत नाही. ज्या दिवशी ती गल्लीत आली त्या दिवशी वांगणीहूनसुद्धा लोक पाहायला आले होते. ती माझी आहे असे फक्त आरटीओला वाटते.

आणि ढकलण्याचे पुन्हा लिहू नकोस. तीन वर्षे दुसऱ्याच्या घामावर कामाला गेलो. मधू चढाला उतरून सायकल हाताने ढकलायचा आणि मी वर बसून असायचो. आता सगळ्या बेलवलीने मला ढकलायचे, तेही बाबासाहेबांसमोर? गाडी जळली तर जळू दे.

रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत राहा.

जयदेव

---

बेलवली, ८ एप्रिल १९९२

ती. दादांना,
वेणूचा स. जयभीम.

तुमचे फेब्रुवारीचे पत्र आईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. प्लायवूडपाशी आल्या की थांबवायच्या आणि पुन्हा वाच म्हणायच्या. काल समितीची बैठक होती. गुडघे धरत स्वतः गेल्या. मी मागे उभी होते.

मामांनी वारा मोठा की बाबासाहेब हे पुन्हा काढले. आई उठल्या, मामांजवळ गेल्या, आणि भर बैठकीत पदराने त्यांचे नाक-तोंड गच्च दाबून धरले. मामा हात हलवू लागले. आई सोडेनात. मग सोडले आणि म्हणाल्या, "आता चाल चार तास उन्हात. फोटो टपावर लाव, हरी. त्यांनाही वारा लागेल, गाडीलाही."

मामांनी पाणी मागितले. आज चौकट टपावर चढवून मापे घेतली. मामा सर्वांना सांगत आहेत की उंचावर फोटो लांबून दिसतो, हे त्यांच्या आधीच मनात होते.

ढकलण्याचा विषय मात्र हे काढू देत नाहीत.

आमची आठवण ठेवा.

वेणू

---

बेलवली, १६ एप्रिल १९९२

ती. दादास,
स. जयभीम.

मिरवणूक झाली. फोटो टपावर होता. जाळी मोकळी होती. पहिला अर्धा तास मी गाडी गिअरमध्येच चालवली. बाजाराच्या वळणावर सगळे थांबले. पुढे लेझीम, मागे गर्दी, वर ऊन. वीस मिनिटे गाडी जागची हलली नाही. तुझे अक्षर डोळ्यांपुढे येत होते आणि मी तुझ्यावर चिडत होतो.

मधू गर्दीतून आला. काचेवर टकटक केले. म्हणाला, "न्यूट्रल टाक." एवढेच. कॅरिअरवर बसवताना तो असाच बोलायचा, जास्त नाही.

मी टाकला. इंजिन बंद केले नाही.

मधूने हात लावला, मग बबनने, मग कोण कोण. मामाही आले, अध्यक्षाचा बिल्ला लावून, आणि हळू ढकला म्हणून ओरडू लागले. आई दोन बोटे डिकीवर ठेवून चालत होती. तिला वाटत होते तीच ढकलते आहे. विहारापर्यंत अडीच तास लागले. मी फक्त स्टिअरिंग धरले होते.

तुला एक लिहायचे होते. कॅरिअरवर बसून तीन वर्षे मला फक्त मधूची पाठ दिसली. त्याचा चेहरा कसा होत असेल ते मी मनात धरून बसलो होतो. परवा आरशात दिसला. तो हसत होता. बहुधा तेव्हाही हसत असेल.

घरी आल्यावर इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. वेणूने या वेळी पांढरा रुमाल दिला. तो घडी करून या पाकिटात घातला आहे. रंग तूच बघ आणि झोप.

तुझा
जयदेव