निंबाभाऊच्या सायकलचं रसग्रहण

३ एप्रिल
पुतणी दिपमालाने नरडाण्याहून फोटो पाठवला. घराच्या भिंतीला टेकलेली जुनी सायकल, हँडलवर झेंडूची फुलं. बारा तारखेला जळगावात तिच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. काका, याच्याखाली लावायला दोन ओळी द्या, म्हणाली. दोन ओळी! रिटायर झाल्यापासून माझ्यातला समीक्षक रिकामाच बसलाय. सहा पानं देणार आणि स्वतः वाचणार.

४ एप्रिल, सकाळी ७
मुद्दे काढले. गंज म्हणजे काळ. फुलं म्हणजे निसर्ग. सायकल थोरल्या निंबाभाऊची आहे, पण समीक्षकाने घरचं काही मध्ये आणू नये. भाऊ जानेवारीत गेला. माझा गुडघा सुजला होता, म्हणून आजारपणातही जाता आलं नाही, नंतरही नाही. डॉक्टरांनी प्रवास नकोच म्हटलं असतं. विचारलं असतं तर.

५ एप्रिल
रिकाम्या कॅरिअरवर लिहिलं : 'आधुनिक माणसाचं एकाकीपण.' झकास. मग खोडलं. त्याच कॅरिअरवर बसून मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. चढ आला की भाऊ उतरून सायकल ढकलायचा, मला मात्र उतरू द्यायचा नाही.
(घरचं. गाळणे.)

६ एप्रिल, दुपारी ३
सायकलची घंटी वाजली. अगदी फाटकाशी. कुल्फीवाला असणार. बाहेर पाहिलं तर आमची पिंप्राळ्यातली अख्खी गल्ली उन्हात सामसूम. लताला विचारलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. बायकोचे कान तपासून घ्यायला हवेत.

७ एप्रिल
पुन्हा तीनलाच. दोनदा. शाळा सुटली की भाऊ गेटबाहेर अशीच दोनदा वाजवायचा. योगायोग. फोन उपडा ठेवून लिहितोय. फोटो न बघता केलेलं रसग्रहण जास्त निःपक्षपाती होतं. लता म्हणाली, असं बेचैन फिरण्यापेक्षा वहिनींना फोन करा. मी बेचैन नाही. नंबर सापडत नव्हता. तिने लगेच काढून दिला. मग रेंज नव्हती.

९ एप्रिल
कानात कापूस घातला. तरी वाजली. पानं मात्र सहा पूर्ण.

१२ एप्रिल, संध्याकाळी
प्रदर्शनात कमलबाई वहिनी भेटल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. मी त्यांना फुलांचा प्रतीकार्थ समजावू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"फुलं मीच ठेवस, भाऊ," त्या म्हणाल्या. "शेवटला आठ दिन तुम्हना भाऊ तुम्हनी वाट दखी ऱ्हायन्तात. टेसनवर तुम्हले आनाले जानं शे म्हनीसनी मले सायकल पुसाले लायी. तवयपासून ती तठेच उभी शे."
तेवढ्यात दिपमालाने माइक हातात दिला. समोर पन्नासेक माणसं. सहा पानं उघडली.
"मी निंबाचा धाकटा भाऊ," एवढं म्हणालो.
आणि पानं मिटली. माइक बंद पडला असं वाटून एक जण वायर तपासायला आला. मी त्याला तपासू दिली.