न जुळणारा चेहरा

प्रिय छोटी,

बाबांना तपासलं तेव्हा तूही होतीस. आजारानंतर नजर शाबूत होती, पण दिसलेलं जुळत नव्हतं. खुर्ची समोर ठेवली तर म्हणायचे, चार काठ्या आहेत, वर फळी आहे. खुर्ची काही सुचायची नाही. आपल्यालाही सुटे तुकडेच दिसतात, मन ते क्षणात जोडून टाकतं, असं डॉक्टर म्हणाल्या. बाबांचं ते जोडणंच तुटलं होतं. आयुष्यभर फरशीचे तुकडे जोडून भिंतींवर मासे, घोडे उभे करणारा माणूस! त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस.

माझा चेहराही त्यांना जुळेना. नाक दिसायचं, हनुवटी दिसायची, लेक दिसायची नाही. म्हणून मी लाल काड्यांचा चष्मा घेतला. लाल चष्मा म्हणजे ताई, एवढं त्यांनी पक्कं केलं. ही युक्ती तुला मीच हौसेने सांगितली. आवाज तर आपल्या दोघींचा फोनवर आईलाही वेगळा कळायचा नाही.

गेल्या महिन्यात बाबांना तुझ्यावर सोपवून मी कामासाठी परगावी गेले. आले तर पलंग रिकामा. स्वतःहून वृद्धाश्रमात गेले, म्हणालीस. मी तशीच धावले. माझा चष्मा पाहून बाबा चटकन उठले.

"काही विसरलीस का गं ताई? मी इथे कुणाला त्रास देत नाही हं."

"तुम्ही इथे कशाला आलात, बाबा?"

"तूच म्हणालीस ना, आता माझ्याच्याने होत नाही. मग म्हटलं, जातो."

मी तर तेव्हा परगावी होते. घरी येऊन तुला जाब विचारला, तर तू पर्समधून तसाच लाल चष्मा काढून टेबलावर ठेवलास. "तुझीच सुटका केली," म्हणालीस. घर विकायचंय, त्यात बाबांची अडचण होते, असं सरळ म्हणाली असतीस, तर कडाकडा भांडले असते आणि विसरूनही गेले असते. पण तू माझं तोंड घेऊन त्यांना घराबाहेर काढलंस.

बाबांना मी परत आणलंय. ती मी नव्हते, हे परोपरीने सांगितलं. ते मान डोलावतात, पण त्यांना वाटतं, मी आपलं केलेलं धाकटीवर ढकलतेय. रोज चहा घेताना हळूच म्हणतात, "दमलीस तर सांग हं. मी जाईन." म्हणून लिहितेय. एकदा ये. त्यांच्यासमोर बस, तू कोण ते सांग आणि काय केलंस तेही सांग. मग वाटल्यास मला जन्मभर तोंड दाखवू नकोस.

एवढं होऊनही तुझीच,
ताई