आर्डिसची शेव्हेल

युमा, ॲरिझोना
२ जून १९८६

प्रिय ऑर्विन,

स. न. वि. वि. तुमचं दोघांचं बरं चाललंय असं धरून चालते, कारण तू पत्रात स्वतःबद्दल अक्षर लिहीत नाहीस. मका गुडघ्याला लागला की कमरेला, एवढंच मला दर महिन्याला कळतं.

शाळा सुटल्या. माझी बस आता आगारात उभी आहे, आणि साठ पोरांचा कालवा नसल्यामुळे माझ्या कानांना करमत नाही. म्हणून ठरवलंय की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिकडे यायचं. पंधरा वर्षांनी! दचकू नकोस, राहायला येत नाही. माझी शेव्हेल न्यायला येतेय. येताना बसने येईन आणि जाताना माझी मी गाडी चालवत जाईन. महिन्यातून एकदा सुरू करतोस ना? आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला असेल तर त्यांना नोटीस दे.

डोलोरेसवहिनीचं कार्ड आलं. तिने लिहिलंय की ऑर्विनचे शनिवारचे चिखलाचे कपडे धुऊन तिचे हात गळून गेले, आणि ही शर्यत कधी संपेल कोण जाणे. मास्तर, नुसती शर्यत बघणाऱ्याचे कपडे एवढे मळतात होय? की तिथे वाफे खणतोस?

उत्तर लवकर धाड. लोभ आहेच, तो उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी बहीण,
आर्डिस

*

एल्क हॉलो, आयोवा
११ जून १९८६

प्रिय आर्डिस,

अ. उ. आ. आज तुला आशीर्वाद देण्याची माझी लायकी नाही, तरी मोठा म्हणून लिहिले.

हे पत्र तीनदा फाडलंय. आता सरळ लिहितो. तुझी गाडी मी जत्रेच्या मैदानावर मातीतल्या शर्यतीत उतरवली आहे. हौशी लोकांच्या गटात. तुला न विचारता.

झालं असं. मार्चमध्ये वर्गात गिअरबॉक्स शिकवत होतो. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, की सर, तुम्ही स्वतः कधी शर्यत मारलीत का. मी नाही म्हटलं. सगळा वर्ग हसला. तसं वाईट नव्हतं ते हसणं, पण मी एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि ते मला लागलं. घरी येऊन शेडमध्ये गेलो. तुझी गाडी सोडून दुसरी कुठली गाडी माझ्यापाशी होती?

नियमच असे आहेत की काचा काढाव्या लागतात. चालवणाऱ्याची सोडून बाकीच्या सीटही काढल्या. दारं वेल्डिंग करून बंद केलीत, त्यामुळे खिडकीतून आत शिरावं लागतं. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा आहे. तुझ्या निळ्या रंगावर मी ब्रशने पांढरा ४१ आकडा काढला. तो ब्रश मारताना मी थांबलो नाही, हे खरं.

आणि एवढं करून मी शेवटून पहिला येतो. चार शनिवार झाले. एकदाच शेवटून दुसरा आलो, कारण त्या दिवशी एकाचं चाक निखळलं.

तुला तोंड कसं दाखवू कळत नाही. तरी ये. रागावूनच ये.

तुझा,
ऑर्विन

*

युमा
२० जून १९८६

ऑर्विन,

नमस्कार-बिमस्कार राहू दे.

तुझं पत्र वाचून मी आगारात गेले आणि रिकाम्या बसमध्ये बसून मोठ्यांदा शिव्या दिल्या. त्यातल्या निम्म्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं.

ती गाडी मी डबाबंद मक्याच्या कारखान्यात दोन वर्षं रात्रपाळी करून घेतली होती. ती मला कशासाठी हवी होती, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकाहत्तर सालच्या सप्टेंबरमध्ये मी त्याच मैदानावर नाव घातलं, ए. टॉलेफसन. मुद्दाम आर्डिस लिहिलं नाही. आठवडाभर ओट कापलेल्या शेतात सराव केला, तू घड्याळ घेऊन उभा होतास. आणि शनिवारी फाटकावर मॅनेजरने मला अडवलं. म्हणाला, घरून पुरुषमाणसाचा फोन आला होता, ए. म्हणजे मुलगी आहे म्हणून. बायकांना गाड्यांच्या आवारात पाऊल टाकायला बंदी आहे, माघारी वळ. मागे गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांनी हॉर्न वाजवले. मला ती गाडी रांगेतून उलटी काढावी लागली.

आदल्या गुरुवारीच डॅड जेवताना काटा खाली ठेवून म्हणाले होते, लोक काय म्हणतील. त्या माणसाशी मी पुन्हा बोलले नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना पुरलंत तेव्हाही आले नाही, आणि त्याचा मला पस्तावा नाही.

आता ऐक. गाडीला आणखी हात लावू नकोस. मी ४ ऑगस्टला पोचते. ९ तारखेच्या शर्यतीत नाव घाल, पूर्ण नाव: आर्डिस टॉलेफसन.

आणि तू शेवटी का येतोस ते मी इथून सांगते. मागच्या चाकांना जोर असलेली गाडी मातीवर शेपूट फेकते. तेव्हा तू घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलत असशील. उचलायचा नाही. वळण डावीकडे असलं तरी स्टिअरिंग उजवीकडे धरायचं आणि शेपटीला बाहेर जाऊ द्यायचं. ती आपली आपण सावरते.

आर्डिस

*

एल्क हॉलो
२ जुलै १९८६

प्रिय आर्डिस,

अ. उ. आ. नाव घातलं, पूर्ण नाव. टेबलामागच्या मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही. हल्ली आमच्या गटात दोन बायका आहेत, त्यातली एक दातांची डॉक्टर. मला दोघी मागे टाकतात.

डॅडबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मला काही लिहायचं होतं. समोरासमोर बोलू.

डोलोरेसने तुझी खोली रंगवायला काढली आहे. माया कमी झाली असली तरी जेवायला कमी करू नकोस, असा तिचा निरोप.

तुझा,
ऑर्विन

*

एल्क हॉलो
१४ ऑगस्ट १९८६

प्रिय आर्डिस,

परवा तुला बसवर सोडून घरी आलो तो अजून शेडमध्ये गेलो नाही. दुरुस्त करून दे, मग नेते, असं म्हणून तू गाडी माझ्याच हवाली केलीस. तेवढ्यानेच मी मेलो.

तू गाडीत होतीस, म्हणून बाहेरून काय दिसलं ते तुला माहीत नाही. चौदा गाड्यांत तू बाराव्या जागेवरून सुटलीस. पहिल्याच वळणावर शेपूट एवढी बाहेर गेली की माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, गेली ही बाई. तू गेली नाहीस. आतल्या सगळ्या गाड्या ओल्या मातीला चिकटून चालल्या होत्या आणि तू वर, कठड्याला घासून, धुरळा उडवत एकेकाला मागे टाकत होतीस. दाताची डॉक्टरही मागे पडली. चौथी आलीस. आणखी दोन फेऱ्या असत्या तर तिसऱ्याचं काही खरं नव्हतं. तो म्हातारा मला विचारत होता, ही कोण. मी त्याच्या हातातल्या पत्रकावर तुझ्या नावाखाली बोट ठेवलं.

मग घरी जेवताना तू बिअरचा ग्लास उचलून म्हणालीस, डॅडनी आज हे बघितलं असतं तर त्यांच्या घशात घास अडकला असता. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यापासून मला झोप नाही.

आर्डिस, तो फोन डॅडनी केला नव्हता. मी केला होता.

ओटाच्या शेतात मी घड्याळ घेऊन उभा होतो, आणि तुझ्यानंतर मीही तीच गाडी फिरवून पाहिली होती. दर फेरीला तू माझ्यापेक्षा चार सेकंद पुढे होतीस. मला शाळेत नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. गाड्यांच्या मास्तरला त्याची धाकटी बहीण मागे टाकते, हे सोमवारी वर्गात झालं असतं. म्हणून शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. घरून बोलतोय म्हटलं, डॅडसारखा आवाज जाडा काढायचीसुद्धा गरज पडली नाही.

आणखी एक आहे, तेही आजच लिहितो, नाहीतर राहून जाईल. त्या संध्याकाळी डॅड मैदानावर होते. तिकीट काढून, वरच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. गुरुवारी ते लोक काय म्हणतील म्हणाले ते खरं, पण शनिवारी ते तुला बघायला आले. शर्यत संपेपर्यंत बसून राहिले. घरी आल्यावर मला विचारलं, आर्डिस का उतरली नाही, गाडी बिघडली का. मी हो म्हटलं.

तू ॲरिझोनाला गेलीस तेव्हा, पोर कशावर रागावली, असं ते मला वर्षानुवर्षं विचारत राहिले. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही विचारलं, मी तिचं काय केलं रे. मी त्यांची उशी सारखी केली आणि पडून राहा म्हणालो.

मी क्षमा मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू? फक्त त्यांच्यावरचा आळ उतरवतो आहे. पंधरा वर्षं उशिरा.

ऑर्विन

*

युमा
५ ऑक्टोबर १९८६

ऑर्विन,

तुझं पत्र आलं त्याला सात आठवडे झाले. डोलोरेसने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. तिचा यात दोष नाही, तिला सांग.

तू भित्रा आहेस हे मला लहानपणापासून माहीत होतं. तुझ्या भित्रेपणाची मी थट्टा करायची. त्याने माझे वडील खाल्ले, हे माहीत नव्हतं. पण सगळं तुझ्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही, हीच पंचाईत आहे. मी त्यांना एकदाही विचारलं नाही. एक प्रश्न, एक फोन. पंधरा वर्षं मी रोज साठ पोरांना सांगते, आधी थांबा, बघा आणि मग रस्ता ओलांडा.

गाडी विकायची नाही. मे महिन्यात येईन आणि पुरा मोसम राहीन. तू चालवायची नाहीस. तू माझी चाकं बदलायचीस, सगळ्यांसमोर, आणि कुणी विचारलं तर त्या फोनचं तू स्वतः सांगायचंस.

आता काम. डॅड मला दर नाताळला पाकीट पाठवायचे. बाराही पाकिटं मी न फोडता, घेण्यास नकार लिहून, परत धाडली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते काहीच टाकून देत नसत, वाकडे खिळेसुद्धा नाहीत. त्यांच्या सामानात शोध. सापडली तर सगळी एका खोक्यात घालून, रजिस्टर करून मला पाठव.

फोडू नकोस. उजेडात धरूनही बघू नकोस.

खाली नेहमीचं काही लिहायला आज हात वळत नाही. पाकिटं पाठव.

आर्डिस